बांबूचे रणगाडे

टाकेवाडी, ता. नगर
१६ सप्टेंबर १९४५

चि. सत्यवान यास,

अक्काचा आशीर्वाद. तुझं पत्र दोन महिन्यांनी आलं. लग्न झाल्यापासून तुझी शाई महाग झालेली दिसते.

लढाई संपली म्हणून तुमच्या कारखान्यात साखर वाटली असं लिहिलंस. इकडे छावणीच्या हवालदाराने गावात येऊन स्वतःच्या हाताने पेढे वाटले. पुढच्या आठवड्यात तोच हवालदार सांगायला आला, की आता बांबूचे रणगाडे नकोत.

तुला सगळं ठाऊक आहे, पण कृपा आपल्याकडे नवीन आहे. तिला हे वाचून दाखव. म्हणावं, तुझ्या नणंदेचं गाव गेली चार वर्षं खोट्या रणगाड्यांवर जगत होतं. टेकडीपलीकडे लष्कराची चांदमारी आहे. तिथे नेम धरायला काहीतरी समोर पाहिजे, म्हणून आम्ही बांबूचे सांगाडे करायचे, खऱ्या रणगाड्याएवढे. शेजारच्या सहादेवाकडच्यांनी बांबूच्या कामट्यांच्या तट्ट्या विणायच्या, आपल्या माणसांनी घायपाताची दोरी वळायची, वरून तरट. छावणीचे खरे रणगाडे येऊन ते उडवायचे आणि आम्ही पुन्हा नवे करायचे. लोकांच्या हातचं टिकण्यासाठी असतं, आमच्या हातचं सगळं मोडण्यासाठीच होतं, पण त्यावर चुली पेटल्या.

आणि तुझे दाजी टेकडीवरचे झेंडेवाले. गोळीबार असला की उजाडायच्या आत लाल झेंडा वर. संध्याकाळी तो खाली आला की सगळं गाव पाट्या घेऊन मैदानात पळायचं, कारण मोडका बांबू गावाचा आणि सबंध बांबू लष्कराचा, असं पहिल्यापासून ठरलं होतं. माझ्या लेकीला, दीनाला तर कोंबडा आरवल्याने जाग येत नाही, पण झेंडा उतरला हे घरात बसून कळतं.

तर आता ह्यांनाही घरी बसवलं. खर्च कमी करायचा असं वरून आलं म्हणे. तोफा तशाच ठेवल्या, रणगाडे तसेच ठेवले, आणि काढलं कुणाला, तर झेंडेवाला, पाणक्या आणि दोन झाडूवाले. साहेबलोकांचा हिशेब आपल्याला कळायचा नाही.

तुझ्या कारखान्यात ह्यांच्याजोगतं काही आहे का ते बघ. मी विचारलं असं ह्यांना कळू देऊ नकोस.

तुझी,
अक्का

•

कोपरगाव
३ ऑक्टोबर १९४५

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र कृपाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘तुमच्या अक्का तुमच्यापेक्षा चांगलं लिहितात.’ मी ते मनावर घेतलेलं नाही.

मी चार वर्षं सांगत आलो होतो, की लष्कराची भाकरी लढाई आहे तोवरच. तेव्हा तू म्हणायचीस, ‘तुझ्या जिभेला काही हाड!’ असो. इथे उलट आहे. नदीकाठची जमीन उसाखाली येते आहे, कारखाना वाढतो आहे, आणि गळीत सुरू झालं की माणूस मिळत नाही. मी साहेबांशी बोललो. उसाच्या गाड्या वजनाला येतात त्या काट्यावर, फाटकापाशी, एक भरवशाचा पहारेकरी पाहिजे. पिणारा नको, नात्यागोत्यातल्या गाडीवानाला पुढे सोडणारा नको. मी म्हणालो, ‘माझे दाजी आहेत. चार वर्षांत एक दिवस चुकले नाहीत.’ साहेब म्हणाले, ‘घेऊन या.’

राहायला खोली मिळेल. दीनाला इथल्या शाळेत बायकांच्या शिवणवर्गात घालता येईल. दिवाळीनंतर गळीत सुरू होतं, त्याच्या आत दाजींना पाठव.

तुझा,
सत्यवान

•

टाकेवाडी
११ नोव्हेंबर १९४५

चि. सत्यवान यास,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मी चूल सोडून देवापुढे गुडघे टेकले, आणि मग गुडघ्यांवरूनच आठवलं: ह्यांचा गुडघा धरला आहे. चालवत नाही. थोडे दिवस थांबावं लागेल. जागा धरून ठेव.

सोबत दोरीचं एक वेटोळं पाठवलं आहे. घायपाताची, तीनपदरी, दीनाने वळलेली. तुमच्याकडे एवढा ऊस तुटतो, तो बांधायला दोरी लागतच असेल. छावणीने नाही घेतली तर कारखान्याने घ्यावी. घायपात आमच्या बांधाबांधाला फुकट उभा आहे आणि हात रिकामे आहेत. बनुबाई, म्हणजे सहादेवाची बायको, रोज येऊन विचारते, ‘मरियाबाई, तुमच्या भावाचं पत्तर आलं का?’ तिची तीन लेकरं आणि सहादेवाला काम नाही. कंट्रोलच्या दुकानातला दाणा आणायलाही हातात काही लागतं. गावातले निम्मे गडी नगरच्या स्टेशनावर हमालीच्या आशेने जाऊन बसतात आणि तसेच परत येतात.

दोरीचं लवकर कळव.

अक्का

•

कोपरगाव
२ डिसेंबर १९४५

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. दोरी पोचली. उत्तम आहे. पण अक्का, ऊस बांधायला दोरी लागत नाही. उसाच्याच शेंड्याचं वाढं घेतात, त्यालाच पीळ देतात आणि मोळी आवळतात. मी दोरी स्टोअरमध्ये दाखवली तेव्हा सगळे हसले. कृपाने ती अंगणात धुणं वाळत घालायला बांधली आहे आणि शेजारणींना अभिमानाने दाखवते.

आता गुडघ्याचं. परवा काट्यावर तुमच्या भागातला गोरक्षनाथ गाडीवान भेटला. दाजींची चौकशी केली तर म्हणाला, ‘कृपादानबाबा ना? रोज टेकडी चढत्यात की!’ कोणत्या जातीचा गुडघा आहे हा, की काट्यावर उभा राहत नाही आणि टेकडी चढतो?

मी तुझा धाकटा भाऊ आहे, पण लहान नाही. साहेबांना मी शब्द दिला आहे. नाताळपर्यंत ते थांबतील. त्यांना यायचं नसेल तर तसं स्पष्ट लिही. चार वर्षं लष्कराचा पगार खाल्ला म्हणून कारखान्याचं काम हलकं वाटत असेल तर तेही लिही.

सत्यवान

•

टाकेवाडी
२० डिसेंबर १९४५

चि. सत्यवान यास,

आशीर्वाद. गुडघा खोटा होता. मला लाज वाटत होती म्हणून लिहिलं. त्यांची नाही, माझी. आपल्या नवऱ्याला भावाने मिळवून दिलेल्या कामावर पाठवता येत नाही, हे कसं लिहायचं?

हे अजून झेंडा लावतात.

पगार सप्टेंबरपासून नाही. झेंडाही छावणीने परत नेला. ह्यांनी माझं लाल लुगडं मागितलं. मला वाटलं, माझी आठवण म्हणून मागतात की काय या वयात! तर ते आता टेकडीवर फडकतं आणि मी ठिगळाचं नेसते. आधी सायकलवरून शिपाई निरोप घेऊन यायचा, की उद्या गोळीबार आहे. आता शिपाई येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी हे छावणीच्या फाटकापर्यंत चालत जातात, पहाऱ्यावरच्याला विचारतात, ‘उद्या हाय का?’ आणि अंधार पडल्यावर घरी येतात. कधी आठवड्यातून एकदा असतो, कधी महिनाभर नसतो. हे रोज जातात.

मी भांडले. भांडण कसं झालं ते लिहिते म्हणजे तुला तुझे दाजी कळतील.

मी म्हणाले, “सायबाला सांगा की, पगार द्या, न्हाईतर झेंडा लावनार न्हाई.”

“सांगितलं. कारकून म्हनला, ते पदच आता न्हाई.”

“मंग झालं तर!”

“पद नसंल. पर गोळा हाय ना?”

मी चूल फुंकली. मग तेच म्हणाले, “मरे, ह्या गावाला चार वर्सं म्याच शिकिवलं. झेंडा वर, घरात बसा. झेंडा खाली, बांबूला पळा. आता झेंडा दिसला न्हाई तर लोक काय समजतील? झेंडेवाला न्हाई आसं कुनी समजनार न्हाई. गोळीबार न्हाई आसंच समजतील.”

आता तूच सांग, ह्याला काय उत्तर द्यायचं? पण घरातल्या मडक्यातही काही नाही, आणि त्यालाही उत्तर नाही. तू काहीतरी कर, सत्या. मला ह्यांचं बोलणं पटतं आणि ह्यांचा रागही येतो.

नाताळच्या सगळ्यांना शुभेच्छा. दीनाने कृपासाठी एक लहान टोपली विणली आहे, गोरक्षनाथाबरोबर पाठवते.

अक्का

•

कोपरगाव
६ जानेवारी १९४६

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला.

ज्यांच्या तोफा आहेत त्यांना झेंड्याची गरज वाटत नाही, आणि ज्यांच्या घरात दाणा नाही ते फुकट चाकरी करतात. अशाने लष्कर पुन्हा झेंडेवाला ठेवील असं वाटतं का? फुकट होतंय तोवर कोण पैसे मोजील? दाजी टेकडीवरून उतरले तरच छावणीला जाग येईल. हे त्यांना माझ्या नावाने सांग.

साहेबांकडून मी जानेवारीअखेरपर्यंत मुदत घेतली आहे. ही शेवटची. पुढे मला तोंड दाखवता येणार नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ती ऐकून तू मला माफ करशील. ऊसतोडीची माणसं इथे पाचटाच्या खोप्यांत राहतात. दोन खोप्या जळाल्यापासून साहेबांच्या मनात आहे, की तट्ट्याच्या भिंती करून वर माती लिंपावी. मी तुमच्या तट्ट्यांचं सांगितलं. चाळीस तट्ट्या नमुन्याला मागवल्या आहेत. आवडल्या तर पुढच्या हंगामाला सगळ्या वस्तीच्या तट्ट्या टाकेवाडीच्या. अक्का, हे मोडायचं काम नाही, माणसं राहतील असं आहे. छावणी गेली तरी गाव यावर उभं राहील.

अडचण बांबूची. नाशिककडचा बांबू परवडणार नाही. पण मैदानात तुमचे जुने सांगाडे उभे आहेत ना? लष्कराने नवे मागणं बंद केलं, म्हणजे जुन्यांचंही काम संपलं. ते मोडा आणि तट्ट्या करा. हवालदाराला विचारून घ्या म्हणजे झालं.

सत्यवान

•

टाकेवाडी
२७ जानेवारी १९४६

चि. सत्यवान यास,

आशीर्वाद, आणि माफ केलं.

तट्ट्यांचं ऐकून बनुबाई माझ्या गळ्यातच पडली. आम्ही दोघी आणि दीना हवालदाराकडे गेलो. तो म्हणाला, ‘न्या बाई न्या, आम्हीच इथे किती दिवस ते ठाऊक नाही.’ खरं वाटेना, पण गुरुवारी स्वतः पाहिलं. नगरच्या स्टेशनावर रणगाडे चढवले, उघड्या डब्यांवर, एकामागे एक. अख्खं गाव बघायला गेलं होतं. आम्ही ज्यांच्यासाठी राबलो ते असे गेले, आणि आमच्यातल्या कुणाला हसावं की रडावं कळेना. दीना मात्र घरी येऊन बापाला म्हणाली, “बाबा, आता झेंडा दावायचा कुनाला?”

लेकीपुढे ह्यांचं चालत नाही हे तुला ठाऊक आहे. मग म्हणाले, “समदे गेले न्हाईत. मागं चार उभे हायेत.” मी म्हणाले, ते नादुरुस्त असतील. मला काय ठाऊक त्यातलं? पण मी म्हणाले. तू सांगितलेलंही सगळं ऐकवलं, फुकट होतंय तोवर कोण पैसे मोजील, ते. आणि शेवटी रडले. खरंच रडू आलं होतं, पण थोडं जास्त रडले.

तर ठरलं. मंगळवारच्या मनमाड गाडीने हे निघतील. सहादेवाला बोलावून सगळं समजावलं: रोज संध्याकाळी फाटकावर जायचं, ‘उद्या हाय का’ विचारायचं, हाय म्हणाले तर उजाडायच्या आत लुगडं वर. सहादेव म्हणाला, “काळजी करू नगा बाबा, माजीच बायकू-पोरं मैदानात जानार, म्या चुकन का?” ह्यांनी त्याला टेकडीवर नेऊन काठीला गाठ कशी मारायची तेसुद्धा दाखवलं.

मी खूप दिवसांनी पोटभर झोपणार आहे. स्टेशनवर घ्यायला ये. ह्यांना कारखान्याच्या गर्दीची सवय नाही.

अक्का

•

कोपरगाव
१२ फेब्रुवारी १९४६

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. दाजी मजेत आहेत. काट्यावरचे गाडीवान आठ दिवसांत सरळ आले. एका बागाईतदाराच्या गड्याने रांग मोडली तर दाजींनी त्याची बैलं धरून मागे नेली. साहेब खिडकीतून पाहत होते. मला बोलावून म्हणाले, ‘असा माणूस इतके दिवस कुठे ठेवला होता?’ मी काय सांगणार, टेकडीवर!

एक खोड मात्र आहे. नगरकडून आलेला कोणीही फाटकातून शिरला, की ह्यांचा पहिला प्रश्न, ‘तिकडं आवाज येतो का?’ लोकांना कळत नाही कसला आवाज. मी आणि कृपा हसतो. सकाळचा भोंगा व्हायच्या आधी उठून ते बाहेर उभे असतात, सवयीने.

पहिल्या बारा तट्ट्या मिळाल्या. साहेबांनी त्यावर पाय देऊन पाहिला, हाताने ओढून पाहिलं. पसंत आहेत. पण अक्का, बाकीच्या लवकर हव्यात. नाशिककडचा एक मुकादम साहेबांच्या मागे लागला आहे, आणि महिनाअखेर तुमच्या आल्या नाहीत तर काम त्याला जाईल. दीनाला म्हणावं, हात चालव. मामा तिला नवं लुगडं घेणार आहे, लाल सोडून कोणत्याही रंगाचं.

सत्यवान

•

टाकेवाडी
२१ फेब्रुवारी १९४६

सत्या,

चर्चच्या पाळकसाहेबांच्या माणसाबरोबर ही चिठ्ठी तुझ्या घरी पाठवते आहे. तार केली नाही, कारण तार फाटकावर ह्यांच्याच हातात पडेल.

ह्यांना घेऊन ये. दीना आजारी आहे एवढंच सांग.

दीना गेली. बनुबाई गेली. काल सकाळी बांबू आणायला मैदानात गेल्या होत्या. टेकडीवर झेंडा नव्हता.

गाडीत ह्यांना एकटं सोडू नकोस.

अक्का

•

कोपरगाव
१८ मार्च १९४६

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. तिथून आल्यापासून रोज लिहायला बसतो आणि उठतो.

मी अर्ज केला होता, त्याचं उत्तर आलं. छावणीच्या कचेरीने लिहिलं आहे, की मैदानात विनापरवाना शिरणाऱ्यांची जबाबदारी त्यांच्यावर नाही. इशाऱ्याच्या झेंड्याचं काम काटकसरीच्या हुकुमाने बंद केलं होतं आणि तसं संबंधितांना कळवलं होतं. संबंधित म्हणजे दाजीच. हवालदाराची बदली झाली आहे आणि तो ‘न्या बाई’ म्हणाला हे कुठेच लिहिलेलं नाही. मी पुन्हा अर्ज करणार आहे.

तट्ट्यांचं काम मी साहेबांना सांगून सोडून दिलं. ते मुकादमाला गेलं. सांगाडे मोडा हे मीच सुचवलं होतं, अक्का, आणि दीनाला ‘हात चालव’ हे माझे शेवटचे शब्द. घरात दीनाची टोपली दिसली की ते डोळ्यांपुढे येतं. मला तुझ्याकडून शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. माती देताना तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

दाजींची जागा साहेबांनी धरून ठेवली आहे. बदली माणूस ठेवला आहे, पण तो एप्रिलअखेरपर्यंत. त्यांना पाठव. तू पण ये. त्या टेकडीखाली बसून दोघांनी काय करायचं? इथे निदान कामात दिवस जातो. कृपाला दिवस गेले आहेत. घरात तू हवी आहेस.

तुझा,
सत्यवान

•

टाकेवाडी
९ एप्रिल १९४६

चि. सत्यवान यास,

आशीर्वाद. कृपाला जपून राहायला सांग, आंबट खायला दे.

तुझ्याकडे पाहिलं नाही हे खरं आहे. पाहिलं असतं तर तुझ्यावर ओरडले असते, आणि मग कुणीतरी मला विचारलं असतं, की बाई, त्या दिवशी पोरीला पाटी कुणी दिली. मी दिली. ती म्हणाली होती, ‘आज डोकं दुखतं गं आई.’ मी म्हणाले, ‘मामाचं पत्र आलंय, उठ.’ मी रडून ह्यांना पाठवलं, आणि मीच तिला पाठवलं. हे मी एकदाच लिहिते. तू पुन्हा विचारू नकोस आणि मला समजावूही नकोस.

त्या दिवशी काय झालं ते तुला अजून नीट सांगितलेलं नाही. बाहेरगावची एक पलटण आली होती. नगर सोडण्याआधी शिल्लक गोळे संपवायचे होते त्यांना. आदल्या संध्याकाळी छावणीत पोचले. फाटकावरच्याला ठाऊक होतं. कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण त्या संध्याकाळी सहादेव गेला नव्हता. नगरच्या स्टेशनावर त्याला तीन आठवड्यांनी पहिल्यांदा काम मिळालं होतं, सामान चढवायचं, रात्र पडेपर्यंत. तो आनंदात घरी आला, बनुबाईला गूळ घेऊन. वीस दिवस रोज जाऊन ‘नाही’ ऐकलं होतं. एक दिवस नाही गेलं तर काय, असं त्याला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

सकाळी बायकांनी टेकडीकडे पाहिलं. झेंडा नाही. सगळ्या निघाल्या. मी भाकरी थापायला मागे राहिले. दीना आणि बनुबाई पायाने चपळ, त्या पुढे गेल्या आणि सगळ्यात पलीकडच्या सांगाड्यात शिरल्या, आतले जाड बांबू सोडवायला. त्याच्या तट्ट्या बनुबाईच्या हातच्या होत्या आणि दोरी दीनाची. गोळा मारणाऱ्याला आत माणूस आहे हे दिसणार तरी कसं? आम्ही तो रणगाड्यासारखा दिसावा म्हणूनच केला होता, आणि काम चोख केलं होतं.

आता मैदानाच्या तोंडाशी एक फळी लावली आहे. त्यावर लिहिलं आहे, आत जाऊ नये. गावात वाचता येणारी आपल्या ख्रिस्ती लोकांची चार घरं. बाकीच्यांनी फळीला शेंदूर लावला नाही हेच नवल. पण कुणी जात नाही. उरलेले सांगाडे तसेच उभे आहेत, आणि गाव घायपाताची दोरी वळून बाजारात बसतं, जे येईल ते घेतं. गावातल्या राहीबाईच्या घरचे पुण्याकडे गेले. आणखी दोन घरं जायच्या बेतात आहेत.

ह्यांचं लिहिते. हे घरात फार बोलत नाहीत. काट्यावर परत जाणार नाहीत. मी तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ती जागा सहादेवाला द्या म्हनावं.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी म्हणाले, “सहादेवाला?”

“तीन लेकरं हायेत त्याची. आई न्हाई.”

मी म्हणाले, “तुम्ही त्याला माफ केलं?”

तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, “म्या देव हाय का? रोज सकाळी तो दारातनं जातो आन् खाली मान घालतो. माजं मन चांगलं न्हाई, मरे. तो हितं राह्यला तर येखाद्या दिशी माज्या हातनं कायतरी व्हईल. त्याला लांब पाठव. पोटाला लागंल आसा पाठव, म्हंजी परत यायचा न्हाई.”

पाळकसाहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी याचा चांगला उपदेश केला असता. मी कुणाला सांगितलं नाही. मी उठून सहादेवाकडे गेले आणि म्हणाले, तुला कोपरगावला काम आहे. तो माझ्या पायावर पडला. मी पाय मागे घेतले.

तर तो सोमवारच्या गाडीने तिन्ही लेकरांना घेऊन येईल. ही जागा कुणाची होती हे त्याला सांगू नकोस. साहेबांना सांग, माणूस भरवशाचा आहे. तो आता खरंच भरवशाचा आहे, एक दिवस चुकणार नाही, जन्मात चुकणार नाही. धाकटी पोर रात्रीची आईला मागते, तिला कृपाजवळ झोपव.

गाडी संध्याकाळी पोचते, लेकरं उपाशी असतील. स्टेशनवर भाकरी घेऊन जा. मी इथून बांधून देणार होते. पीठ मळलं, तवा ठेवला आणि हात चालला नाही.

तुझी,
अक्का